कुंभारीहून कुंभारीला : चोवीस तास आणि १६०९ किलोमीटर

दूर पल्ल्याच्या मोटारसायकल स्पर्धांना रोजच्या बोलण्यात सरसकट ‘रॅली’ म्हटले जात असले, तरी त्या एका नावाखाली परस्परांशी फारसे नाते नसलेल्या स्पर्धा एकत्र आलेल्या आहेत, आणि सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारीसारख्या गावातून निघणाऱ्या स्वारापुढे नेमकी कोणती परीक्षा उभी राहते हे समजण्यासाठी त्यांतील भेद आधी पाहावा लागतो. सर्वांत प्रसिद्ध प्रकार ‘रॅली-रेड’ हा होय, म्हणजे वाळवंटातून किंवा डोंगराळ मुलखातून कित्येक दिवस चालणारी शर्यत. तीत घड्याळावर मोजल्या जाणाऱ्या टप्प्यांना ‘स्पेशल स्टेज’ म्हणतात, आणि हे टप्पे जोडणाऱ्या सामान्य रस्त्यावर मात्र स्पर्धकाला वाहतुकीचे सर्व नियम पाळावे लागतात. वाट शोधण्यासाठी त्याच्या हाती नकाशा नसतो, तर ‘रोडबुक’ असते, ज्यात दर वळणाची आकृती, मागील खुणेपासूनचे अंतर आणि पुढील धोक्याची चिन्हे एवढेच दिलेले असते. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून प्रथम निघालेली आणि २०२० पासून सौदी अरेबियात होणारी डकार रॅली हे या प्रकाराचे शिखर मानले जाते. बंगळुरूचे सी. एस. संतोष यांनी २०१५ साली ती पूर्ण करून असे करणारे पहिले भारतीय होण्याचा मान मिळवला, आणि २०२४ साली केरळचे हरिथ नोआ यांनी तिच्यातील ‘रॅली २’ हा गट जिंकला. मराठी नावेही या वाळूत उमटलेली आहेत : व्यापारी जहाजांवर नोकरी करणारे आशिष रावराणे यांनी २०२१ च्या डकारमध्ये कोणत्याही कंपनीच्या संघाशिवाय मोटारसायकलवर भाग घेतला, तर मोटोक्रॉसपासून सुरुवात करून पुढे चारचाकीकडे वळलेले पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये जुन्या गाड्यांसाठीच्या ‘डकार क्लासिक’ या विभागात उतरले.

दुसरा प्रकार भारतात अधिक रुजलेला आहे. त्याला वेळ, वेग आणि अंतर या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘टीएसडी’ म्हणतात. येथे आयोजक प्रत्येक टप्प्यासाठी एक ठरावीक, बहुधा माफक, सरासरी वेग देतात आणि वाटेत कोठे तरी गुप्त तपासणी नाके बसवतात. नाक्यावर ठरल्या क्षणी पोहोचणे हेच कौशल्य असून उशिरा येणाऱ्याइतकाच, किंबहुना बऱ्याच स्पर्धांत त्याहून अधिक, दंड लवकर येणाऱ्याला होतो. मुंबईचे नाझिर हुसेन यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या हिमालयन रॅलीने आणि १९९९ पासून सिमल्याच्या हिमालयन मोटरस्पोर्ट असोसिएशनने भरवलेल्या ‘रेड द हिमालय’ने देशात एकूणच रॅलीच्या खेळाला प्रतिष्ठा दिली. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १९९० पासून मुंबई परिसरात भर पावसात होणाऱ्या गल्फ मान्सून स्कूटर रॅलीचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण चिखलातून धावण्यासाठी कोणीही बनवलेली नसलेली साधी स्कूटर तिने स्पर्धेच्या दर्जाला नेली.

तिसरा प्रकार म्हणजे सहनशक्तीची खरी रॅली, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. तिचा आदर्श नमुना अमेरिकेतील ‘आयर्न बट रॅली’ हा आहे. १९८४ साली सुरू झालेली आणि आता एक वर्षाआड होणारी ही स्पर्धा ११ दिवस चालते व तीत सुमारे ११,००० मैल, म्हणजे १७,७०० किलोमीटर, अंतर काटले जाते. येथे कोणी कोणाच्या पुढे धावत नाही. स्पर्धकाला ठिकाणांची लांबलचक यादी मिळते, प्रत्येक ठिकाणाला गुण असतात, आणि कोणती ठिकाणे घ्यायची व कोणती सोडायची याचा हिशेब ज्याचा त्याने मांडायचा असतो. ठिकाणी पोहोचल्याचा पुरावा म्हणून स्पर्धेने दिलेले क्रमांकाचे फडके धरून छायाचित्र काढावे लागते. विशेष म्हणजे विश्रांतीलाही गुण असतात, म्हणजे झोपायला थांबल्याची आणि उठून निघाल्याची, अशा दोन्ही वेळांच्या पावत्या दाखवल्या की ते गुण खात्यात जमा होतात. या रॅलीत प्रवेश मिळणे दुरापास्त असल्याने जगभरचे बहुसंख्य स्वार त्याच संस्थेची प्राथमिक कसोटी पत्करतात, जिला ‘सॅडलसोर १०००’ असे नाव आहे : २४ तासांच्या आत १,००० मैल, म्हणजे १,६०९ किलोमीटर. गेल्या काही वर्षांत भारतातील, आणि त्यात पुण्या-मुंबईच्या, अनेक स्वारांनी ही कसोटी दिली आहे.

आता कुंभारी. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हे गाव सोलापूर शहरापासून सुमारे १२ किलोमीटरवर असून अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयामुळे आणि त्याहीपेक्षा कामगारांच्या दोन मोठ्या वसाहतींमुळे ते राज्यात ओळखले जाते. विडी वळणाऱ्या स्त्रियांसाठी उभी राहिलेली दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आणि तीस हजार घरांची आखणी असलेले रे नगर, ज्यातील पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या ताब्यात आली, या दोन्हींमुळे एका खेड्याच्या शिवारात लहानसे शहरच वसले आहे. त्याचा परिणाम रस्त्यावर दिसतो. सोलापूरकडे कामाला जाणारे यंत्रमाग कामगार व बांधकाम मजूर, विडीचा माल पोचवायला निघालेल्या बाया, खचाखच भरलेल्या रिक्षा, महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे येणाऱ्या रुग्णवाहिका आणि अक्कलकोटच्या स्वामी समर्थांच्या दर्शनाला पायी निघालेले भाविक या सर्वांचा हा एकच रस्ता असून, त्यावर मोटारसायकलस्वाराचा हक्क फार तर इतरांइतकाच आहे. तुरीचा किंवा ज्वारीचा हंगाम असला की मळणीसाठी पसरलेल्या पिकाने डांबराची एक बाजू व्यापलेली आढळते. गावाच्या तोंडाशी येणाऱ्या गतिरोधकावर पट्टे रंगवलेले असतीलच असे नाही, आणि तो दिसतो तेव्हा ब्रेक दाबण्याइतके अंतर उरलेले असते याचीही खात्री नसते.

असा रस्ता दारात असूनही कुंभारी हे या कसोटीसाठी आरंभस्थान म्हणून सोयीचे ठरते, आणि त्याचे कारण सोलापूरच्या भूगोलात आहे. दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांच्या आसपास वसलेले हे शहर पुणे-हैदराबाद आणि विजयपूर-धाराशिव या दोन मोठ्या महामार्गांच्या चौकात आहे, आणि वाटेत कोठेही मोठा घाट नाही. त्यामुळे एकच लांब वर्तुळ आखण्याऐवजी तीन दिशांना जाऊन परत येणारा मार्ग आखता येतो. दक्षिणेला हुबळीपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर, वायव्येला पुण्याच्या वेशीपर्यंत सुमारे २५०, पूर्वेला हैदराबादच्या अलीकडे पटान्चेरूपर्यंत सुमारे २७५, या तिन्ही फांद्यांची ये-जा १,६५० होते. त्यात कुंभारीहून सोलापूरला जाण्याचे व शेवटी परतण्याचे मिळून २४ किलोमीटर धरले की एकूण १,६७४ भरतात. जास्तीचे ६५ किलोमीटर ही चैन नव्हे. वाहनावरील अंतरमापक बहुधा थोडे वाढवून आकडा दाखवतो आणि पडताळणी मात्र नकाशावरील अंतरावर होते, त्यामुळे नेमके १,६०९ वर थांबणाऱ्याचा दावा फेटाळला जाण्याचा धोका असतो.

या मार्गात एक दोष मात्र आहे, जो नकाशावर दिसत नाही. तिन्ही फांद्या सोलापुरात येऊन मिळत असल्याने स्वार प्रवासाच्या मध्यात दोनदा स्वतःच्या अंथरुणापासून अर्ध्या तासाच्या आत येतो. वर्तुळाकार मार्गावर निम्मे अंतर गेल्यावर पुढे जाणे आणि मागे फिरणे यांचे कष्ट सारखेच असतात, म्हणून माणूस पुढे जातो. येथे मात्र ‘आता पुरे’ म्हणण्याची संधी मार्गानेच बहाल केलेली असते. ही गोष्ट दोष न मानता सोय मानावी, असेही म्हणता येईल, कारण थकलेल्या माणसाला घर जवळ असणे यात वाईट काय आहे? तरीही स्पर्धा म्हणून पाहिले तर ही मोह घालणारी आखणी आहे, हे मान्य करावे लागते.

वेळेचा हिशेब मांडला की या कसोटीचे खरे स्वरूप उघड होते. १,६०९ ला २४ ने भागले असता तासाला ६७ किलोमीटर येतात, आणि हा आकडा ऐकणाऱ्याला किरकोळ वाटतो. पण ही सरासरी थांब्यांसह आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवलेल्या कमाल मर्यादेनुसार चौपदरी महामार्गावर मोटारसायकलला ताशी ८० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने जाता येत नाही. कोणी सुरुवातीपासून अखेरपर्यंत अचूक ८० वर चालला, कोठेही गाव, गतिरोधक, म्हैस वा वळण आले नाही, असे गृहीत धरले तरी १,६०९ किलोमीटरांना २० तास ७ मिनिटे लागतात. उरलेल्या चार तासांहून कमी वेळात पेट्रोल, पाणी, जेवण, लघवी, साखळीला तेल आणि डुलकी हे सर्व बसवावे लागते. धावती सरासरी ७५ वर आली, जी कायदा पाळणाऱ्या स्वाराला गाठणेही अवघड आहे, तर केवळ धावण्यालाच साडेएकवीस तास जातात. अमेरिकेतील आंतरराज्य महामार्गांवर बऱ्याच ठिकाणी ताशी ११० ते १३० किलोमीटरची मुभा आहे, आणि हजार मैलांचे हे माप तेथे जन्मले आहे. ते तसेच उचलून येथे आणल्यावर स्वारापुढे दोनच पर्याय उरतात : वेगमर्यादा मोडणे किंवा झोप मोडणे. त्यात शर्यत म्हणून कोणी ते उघडपणे भरवू पाहील, तर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १८९ आड येते, ज्यानुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत अथवा वेगाची चाचणी होऊ देणे आणि तीत भाग घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग हे त्यातल्या त्यात मोकळे रस्ते दुचाकीला मुळातच बंद आहेत.

झोपेबाबत शास्त्राने दिलेला निर्वाळा याहून कठोर आहे. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की सलग १७ तास जागा राहिलेला माणूस हातापायांच्या व नजरेच्या मेळात रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंद होतो, आणि २४ तासांच्या जाग्रणानंतर हे प्रमाण ०.१० टक्क्यांच्या जवळ जाते. भारतात वाहनचालकासाठी मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, आहे. याचा अर्थ असा की चोवीस तासांच्या राइडमधील शेवटचे सात तास स्वार थेंबही न घेता कायद्याने दारू पिऊन ठरणाऱ्या माणसासारख्याच अवस्थेत असतो, आणि त्याला पकडणारे कोणतेही यंत्र पोलिसांकडे नाही. डोळे उघडे असताना मेंदू एक-दोन सेकंद बंद पडण्याला ‘मायक्रोस्लीप’ म्हणतात. ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, त्यामुळे दोन सेकंदांची अशी डुलकी म्हणजे ४४ मीटर बिनचालकाची गाडी होय. त्यावर कॉफी पिऊन लगेच पंधरा-वीस मिनिटे आडवे होणे हा एकच उपाय बऱ्यापैकी लागू पडतो, कारण कॉफीचा अंमल साधारण तेवढ्याच वेळाने सुरू होतो.

म्हणूनच फांद्यांचा क्रम ठरवताना अंतरापेक्षा घड्याळ पाहावे लागते. पहाटे तीनला कुंभारी सोडायचे ठरवले, तर सर्वांत कठीण रस्ता ताज्या शरीराला द्यावा या न्यायाने दक्षिणेची फांदी प्रथम येते. वडकबाळजवळ सीना आणि टाकळीजवळ भीमा ओलांडली की कर्नाटक सुरू होते. विजयपुरात पोहोचता-पोहोचता अंधारच असतो आणि कोल्हारला कृष्णेच्या पुलावरही तो सरलेला नसतो, पण पुढे हुबळीच्या वाटेवर उजाडते, आणि गावागावांतून जाणारा हा रस्ता निदान परतताना तरी दिवसाच्या उजेडात मिळतो, ही या क्रमाची कमाई आहे. दुपारच्या आत सोलापूरला परतल्यावर पुण्याकडची फांदी भर उन्हात पडते. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, आणि भिगवणजवळ उजनीच्या जलाशयाचा विस्तार, असा हा रुंद व ओळखीचा महामार्ग असल्याने उन्हाची गुंगी येथे त्यातल्या त्यात परवडते. मात्र आषाढात तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत असे मुक्काम करीत याच रस्त्याचा काही भाग चालते, आणि त्या दिवसांत चोवीस तासांचा हिशेब घेऊन कोणी येथे येऊच नये. हडपसरच्या अलीकडूनच गाडी वळवायची, कारण पुण्यात शिरून एक चौक ओलांडण्यात जाणारा वेळ पुन्हा भरून निघत नाही.

सोलापूरच्या उन्हाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. उन्हाळ्यात येथे पारा चाळीसच्या वर सहज जातो, आणि हवा त्वचेपेक्षा गरम झाली की वारा अंग गार करण्याऐवजी तापवू लागतो. नवखा स्वार अशा वेळी जॅकेटच्या सगळ्या चेन उघडतो. जाणता स्वार त्या बंद करतो, आतला सुती बनियन पाण्याने चिंब करतो आणि केवळ बाह्यांशी थोडी फट ठेवतो, म्हणजे ओलावा हळूहळू उडून थंडावा बराच काळ टिकतो. नुसते पाणी पीत राहिल्याने शरीरातील मीठ घटते, म्हणून मीठ घातलेले ताक किंवा लिंबूपाणी बरे. खाण्याच्या बाबतीत तर सोलापूरकराला बाहेर पाहण्याची गरजच नाही. या जिल्ह्यातील ज्वारीची किंवा बाजरीची कडक भाकरी, जी पापडासारखी वाळवलेली असते आणि कित्येक दिवस खराब होत नाही, शेंगा चटणीबरोबर टँक बॅगेत ठेवली की ढाब्यावरचा पाऊण तास वाचतो. टँक बॅग म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर पट्ट्यांनी किंवा चुंबकाने बसणारी पिशवी. भाकरीचा तुकडा तोंडात धरून पंपावर रांगेत उभे राहता येते, आणि तेलकट जेवणानंतर येणारी सुस्ती टळते. परदेशी स्वार ज्या ऊर्जावड्या महागड्या दराने विकत घेतात, त्यांच्यापेक्षा ही शिदोरी कोणत्याही बाबतीत उणी नाही, हे लेखकाचे मत पक्षपाती मानले तरी चालेल.

तिसरी फांदी संध्याकाळी सात-साडेसातला सुरू होते. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी असा हा रस्ता एकाच दमात महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण ही तीन राज्ये दाखवतो. आदिलशाहीत बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधणारा नळदुर्गचा किल्ला रस्त्यालगत असूनही त्या अंधारात दिसत नाही, आणि दिसला असता तरी थांबण्याची सोय नाही, ही या प्रकारच्या प्रवासाची उणीव लपवण्यात अर्थ नाही. येथे खरा धोका उसाचा आहे. नोव्हेंबर ते मार्च या गाळप हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्यांकडे जात असतात. त्यांच्या मागे दिवा नसतो, परावर्तक असला तर तो लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकलेला असतो, आणि ताशी पंधरा-वीसच्या वेगाने चालणारी ती काळी भिंत हेडलाइटच्या झोतात येते तेव्हा ८० वर असलेल्या गाडीला ती उभी असल्यासारखीच असते. हंगाम टाळावा तर उन्हाळा आणि पावसाळाच उरतो. फेब्रुवारी अखेरचा काळ, शक्यतो पौर्णिमेच्या आसपासचा, ही त्यातल्या त्यात तडजोड होय. अंधारानंतर ६० च्या पुढे जायचे नाही असा नियम घातला, तर मात्र पटान्चेरूची फांदी चोवीस तासांत बसत नाही.

वाहनाची निवड हा चर्चेचा आवडता, पण तुलनेने गौण भाग आहे. बजाज ऑटोच्या चाकण येथील कारखान्यात तयार होणाऱ्या डॉमिनार ४०० आणि केटीएम ३९० या गाड्या किंवा रॉयल एनफिल्डची हिमालयन यांपैकी कोणतीही चालते. १३ ते १७ लिटरच्या टाकीवर साडेतीनशे-चारशे किलोमीटर जाता येत असल्याने वरील मार्गावर चार-पाच थांबे पुरेसे होतात. इंजिनपेक्षा सीट आधी हार मानते. दहाव्या तासानंतर बैठकीच्या हाडांखालील कातडी सोलवटू लागते, आणि कसोटीच्या नावातच ही व्यथा आलेली आहे. शिवण नसलेली आतली चड्डी आणि टॅक्सीवाले वापरतात तसले लाकडी मण्यांचे आच्छादन हे त्यावरचे स्वस्त उपाय होत.

वरील सर्व विचारात घेता एक गोष्ट स्पष्टपणे म्हणावीशी वाटते. हजार मैलांचा आकडा मराठी मुलखाच्या रस्त्यांना बेतून केलेला नाही, आणि त्याच्या मागे लागण्यापेक्षा टीएसडीची शिस्त आणि आयर्न बटमधील विश्रांतीचे गुण यांची सांगड घालणारी एखादी रॅली येथे अधिक शोभेल. चोवीस तासांत १,००० किलोमीटर, मध्ये सक्तीची सहा तासांची झोप, दोन नाक्यांमधील अंतर ठरल्यापेक्षा कमी वेळात कापणाऱ्याला दंड आणि गावांच्या हद्दीत वेग तपासणारी गुप्त नाकी, अशी तिची आखणी करता येईल. डकारनेही २०२४ मध्ये ४८ तासांचा एक टप्पा आणून दुपारी चारच्या ठोक्याला जो तो जेथे पोहोचला असेल तेथून पुढच्या तळावर तंबूत रात्र काढेल असा नियम केलाच होता. भारतातील मोटार क्रीडा मंडळांच्या महासंघाची मान्यता आणि पोलिसांची परवानगी घेऊन असे काही उभे राहिले, तर हुबळीची फांदी पहिल्या दिवशी आणि पुण्याची दुसऱ्या दिवशी, असा मार्ग कुंभारीहूनही सहज आखता येईल.

तोवर जे स्वार जुन्याच मापाने जातील, त्यांच्यासाठी अखेरचा शब्द पेट्रोल पंपावरील पावतीचा असतो. आरंभ, प्रत्येक फांदीचे टोक आणि शेवट या सर्व ठिकाणी तारीख, वेळ आणि पंपाचे गाव छापलेली पावती घ्यावी लागते, आणि कसोटीचे घड्याळ पहिल्या पावतीपासून शेवटच्या पावतीपर्यंतच चालते. पंपावरील यंत्राचे घड्याळ पंधरा मिनिटे पुढे असेल तर तीच वेळ धरली जाते, म्हणून निघण्यापूर्वी पावती हातात घेऊन ती मनगटावरील घड्याळाशी ताडून पाहावी आणि चूक असल्यास दुसरा पंप गाठावा. या पावत्या उष्णतेने छापणाऱ्या कागदावर येतात, आणि तो कागद फार तापला की सगळाच काळवंडतो. त्यामुळे त्या टँक बॅगेच्या पारदर्शक खिशात उन्हाला न ठेवता प्रत्येकीचे अंतरमापकासह छायाचित्र जागीच काढून मूळ कागद कपड्यांच्या पिशवीत, सर्वांत तळाशी, ठेवण्याची पद्धत आहे. परतल्यावर या सर्वांची नोंदवही संस्थेकडे पाठवली जाते, तेथील तपासनीस प्रत्येक दोन पावत्यांमधील अंतर व वेळ जुळवून पाहतात, आणि एखाद्या टोकाची पावती नसेल तर ती फांदी हिशेबातून वगळली जाते, मग गाडीच्या अंतरमापकावर काहीही दिसत असो.